दूरच्या यंत्रावरचा खेळ: क्लाउड गेमिंगच्या पंधरा वर्षांचा आढावा

क्लाउड गेमिंगमध्ये व्हिडिओ गेम खेळाडूच्या घरी चालत नाही, तो डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालतो. खेळाडूने कंट्रोलरचे बटण दाबले की तेवढाच संदेश इंटरनेटवरून सर्व्हरकडे जातो. तिथले ग्राफिक्स कार्ड पुढचे चित्र तयार करते, त्या चित्राचा लगोलग व्हिडिओ होतो आणि तो खेळाडूच्या पडद्यावर येऊन पोहोचतो. चांगल्या सेवेत अशी सेकंदाला ६० चित्रे येतात. घरातल्या यंत्राला फक्त व्हिडिओ दाखवायचा असतो आणि बटणांची खबर पोहोचवायची असते. त्यामुळे साधा लॅपटॉप, फोन किंवा टीव्हीसुद्धा पुरतो.

या कल्पनेची ओढ कुठून येते हे किमतींवरून कळते. प्लेस्टेशन ५ हा कन्सोल फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात विक्रीला आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. नवा मोठा गेम घ्यायचा तर त्याचे पैसे वेगळे. गेमिंगसाठी बांधून घेतलेला संगणक याहून महाग पडतो आणि काही वर्षांत त्याचे ग्राफिक्स कार्ड मागे पडते. गेमचा आकारही वाढला आहे: 'रेड डेड रिडेम्प्शन २' संगणकावर बसवायला १५० जीबी जागा लागते. क्लाउडमध्ये डाउनलोडची वाट पाहावी लागत नाही, डिस्क भरत नाही, यंत्र बदलण्याचा खर्च सेवा देणारी कंपनी करते. प्रकाशकांच्या दृष्टीने आणखी एक लाभ आहे. गेमची फाइल ग्राहकाच्या हाती जातच नाही, म्हणून तिची चोरटी प्रत काढणे आणि तिच्यात फेरफार करून फसवेगिरी करणे जवळजवळ अशक्य होते.

ही कल्पना लोकांसमोर मोठ्या गाजावाजाने आणली ती स्टीव्ह पर्लमन यांच्या ऑनलाइव्ह या अमेरिकी कंपनीने. मार्च २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये घोषणा झाली आणि जून २०१० मध्ये सेवा सुरू झाली. ती चालत होती, आणि हे आवर्जून सांगायला हवे, कारण त्या वेळी अनेक जाणकारांना ती चालणारच नाही असे वाटत होते. चित्र ७२० पिक्सेलचे, थोडे पुसट, पण खेळता येण्याजोगे होते. कंपनी बुडाली ती वेगळ्या कारणाने. सर्व्हर हजारोंनी उभे केले होते, आणि एका वेळी खेळणाऱ्यांची संख्या मात्र त्या काळच्या बातम्यांनुसार दोन हजारांपर्यंतही जात नव्हती. ऑगस्ट २०१२ मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांना काढून कंपनीची मालमत्ता विकावी लागली. नव्या मालकीखाली सेवा कशीबशी चालली आणि एप्रिल २०१५ च्या अखेरीस बंद झाली. तिची पेटंटे सोनीने घेतली.

सोनीने त्याआधी, जुलै २०१२ मध्ये, डेव्हिड पेरी यांची गायकाय ही कंपनी ३८ कोटी डॉलरना विकत घेतली होती. त्यातून प्लेस्टेशन नाऊ ही सेवा उभी राहिली आणि २०२२ मध्ये ती प्लेस्टेशन प्लसच्या सर्वांत वरच्या वर्गणीत विलीन झाली. म्हणजे कल्पना मेली नाही. ती स्वतंत्र धंदा म्हणून टिकली नाही, मोठ्या कंपनीच्या पोटात गेल्यावर टिकली. पुढे हेच पुन्हा घडत गेले.

तंत्राची मुख्य अडचण विलंबाची आहे. यूट्यूबवरचा चित्रपट अडखळत नाही, कारण पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवलेले असतात. गेममध्ये हे जमत नाही. पुढचे चित्र कसे असेल हे खेळाडू आता काय दाबतो यावर ठरते, म्हणून साठा करायला काही नसतेच. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. चित्र काढणे, व्हिडिओ करणे, तो पाठवणे, उलगडणे आणि पडद्यावर दाखवणे, या प्रत्येक टप्प्याला काही मिलिसेकंद जातात. बाकीचा विलंब तंत्र सुधारून कमी करता येतो, पण अंतराचा वाटा कमी करता येत नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन येऊन किमान ३९ मिलिसेकंद लागणारच, आणि प्रत्यक्षात केबल वळणे घेत जाते व वाटेत अनेक राउटर लागतात म्हणून त्याहून बरेच अधिक. सर्व्हर मुंबईत असेल तर नागपूरच्या खेळाडूला हाच किमान आकडा सात मिलिसेकंदांच्या घरात येतो. क्लाउड गेमिंग करणाऱ्या कंपनीला प्रत्येक मोठ्या प्रदेशात स्वतंत्र सर्व्हर का उभे करावे लागतात, याचे उत्तर एवढ्यात आहे.

विलंब किती चालतो हे खेळावर अवलंबून असते. मार्क आणि काजल क्लेपूल यांनी २००६ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी ढोबळ मर्यादा मांडल्या: पात्राच्या डोळ्यांनी जग दिसणाऱ्या नेमबाजीच्या खेळांत १०० मिलिसेकंद, पात्र मागून दिसणाऱ्या खेळांत ५००, आणि वरून सैन्य किंवा नगर चालवण्याच्या खेळांत १,००० मिलिसेकंदांपर्यंत. पण हे आकडे साध्या ऑनलाइन खेळांचे आहेत. तिथे खेळाडूच्या घरचे यंत्र त्याचे पात्र ताबडतोब हलवते आणि सर्व्हरशी मेळ नंतर घालते. क्लाउडमध्ये घरी काही चालतच नसल्याने ही सोय नाहीशी होते, आणि प्रत्येक हालचाल पूर्ण फेरा करूनच दिसते. म्हणून बुद्धिबळासारखे किंवा कथाप्रधान खेळ क्लाउडवर निवांत खेळता येतात, आणि मारामारीच्या खेळात निष्णात असलेल्याचा मात्र जीव कासावीस होतो. सरासरी विलंबापेक्षा त्यातला चढउतार अधिक छळतो. ठरावीक विलंबाची हाताला सवय होते. मधेच वाढणाऱ्या आणि मधेच कमी होणाऱ्या विलंबाची होत नाही, आणि तो बहुतेक वेळा घरातल्या वाय-फायमुळेच निर्माण होतो.

तरीही गेल्या दहा वर्षांत तंत्र खूप पुढे आले आहे. गुगलने ऑक्टोबर २०१८ मध्ये 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' हा मोठा गेम क्रोम ब्राउझरमध्ये चालवून दाखवला. त्यातूनच स्टेडिया ही सेवा आली, आणि या विषयाचा सगळ्यांत बोलका धडाही तिथेच मिळाला. मार्च २०१९ मध्ये घोषणा आणि १९ नोव्हेंबर २०१९ ला १४ देशांत सुरुवात, त्यांत भारत नव्हता. गुगलकडे डेटा सेंटरे होती, जगभर पसरलेले स्वतःचे नेटवर्क होते, यूट्यूब होते, पैसा होता. चांगले इंटरनेट असलेल्या घरांत सेवा खरोखर चांगली चालली. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' प्रसिद्ध झाला, तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची इतकी दुर्दशा झाली की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला. स्टेडियावर मात्र तो बराच सुरळीत चालला. चिप्सच्या टंचाईमुळे नवे कन्सोल मिळत नव्हते, आणि लोक कोविडमुळे घरातच होते. क्लाउडला याहून अनुकूल काळ मिळणे कठीण होते.

पण मांडणी चुकली होती. वर्गणी भरूनही बहुतेक गेम पूर्ण किमतीत वेगळे विकत घ्यावे लागत, आणि घेतलेला गेम स्टेडियाबाहेर कुठेच चालत नसे. ग्राहकाला वाटत होते की यंत्राचा खर्च वाचवायचा तर गेमही स्वस्त पडावेत. प्रत्यक्षात किंमत तीच राहिली आणि हाती मात्र काहीच राहत नव्हते. ४के चित्राचे आश्वासनही सर्वत्र पाळले गेले नाही. 'डेस्टिनी २' १०८० पिक्सेलवर काढून मोठा करून दाखवला जात होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने गेम बनवणारे स्वतःचे स्टुडिओ बंद केले, आणि कंपनीचा धीर सुटत असल्याचे सगळ्यांना दिसले. नवा गेम घ्यायला लोक कचरू लागले, गेम विकले जाईनात म्हणून प्रकाशकही येईनात. २९ सप्टेंबर २०२२ ला बंद करण्याची घोषणा झाली आणि १८ जानेवारी २०२३ ला सेवा थांबली. गुगलने गेम आणि कंट्रोलरचे पैसे परत केले, आणि कंट्रोलर इतर यंत्रांवर चालावेत म्हणून त्यांत ब्लूटूथ सुरू करण्याची सोय दिली. हे सभ्यपणाचे वागणे होते. पण एका खेळाडूने 'रेड डेड' मध्ये सुमारे सहा हजार तास घालून उभे केलेले पात्र दुसरीकडे नेता यावे म्हणून गेमच्या निर्मात्यांची जाहीर विनवणी केली होती. असे पात्र पैसे परत करून भरून येत नाही.

क्लाउड गेमिंगचे खरे दुखणे विलंबात नसून अर्थकारणात आहे, आणि त्याच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. 'गेमसाठी नेटफ्लिक्स' ही उपमा कंपन्यांना आवडते, पण ती फसवी आहे. चित्रपट म्हणजे एकदा रांधून ठेवलेला पदार्थ, तो लाखो ताटांत वाढता येतो. गेम प्रत्येक पाहुण्यासाठी त्याच क्षणी वेगळा शिजवावा लागतो. चित्रपटाची एकच फाइल ठिकठिकाणी साठवून हजारोंना पुरवता येते. दहा हजार खेळाडू मात्र एकाच वेळी खेळत असतील तर दहा हजारांसाठी ग्राफिक्स कार्डांची ताकद त्या क्षणी हजर लागते. त्यातून लोक खेळतात संध्याकाळी आणि रात्री. सर्व्हर गर्दीच्या त्या चार तासांच्या मापाने घ्यावे लागतात आणि उरलेल्या वेळात त्यांतले बरेच रिकामे बसतात. इतर क्लाउड सेवांत रिकामी यंत्रे दूरच्या देशाच्या कामाला लावता येतात. इथे अंतर आड येते, कारण मुंबईत पहाटे रिकामे असलेले कार्ड लंडनच्या खेळाडूला उपयोगाचे नाही.

यातून मार्ग काढताना कंपन्यांनी ज्या अटी घातल्या त्या बोलक्या आहेत. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊमध्ये फुकट खेळणाऱ्याला रांगेत थांबावे लागते आणि तासाभराने खेळ थांबतो. पैसे भरणाऱ्यांवरही या सेवेने महिन्याला १०० तासांची मर्यादा आणली. कंपनीच्याच म्हणण्यानुसार ९४ टक्के सदस्य त्या मर्यादेच्या आत खेळतात. म्हणजे थोडे लोक फार खेळतात आणि त्यांचा भार सोसवत नाही. घरच्या यंत्रावर किती तास खेळलो याचा हिशेब निर्मात्याला लागत नाही. क्लाउडमध्ये मात्र सर्वांत हौशी ग्राहक हाच सर्वांत खर्चिक ग्राहक ठरतो. या गुंत्यावर कोणत्याही कंपनीला अजून समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. मायक्रोसॉफ्टने क्लाउडची सोय गेम पास या वर्गणीत जोडून दिली आहे, आणि त्या वर्गणीचा वरचा स्तर ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत महिन्याला १९.९९ डॉलरवरून २९.९९ डॉलर झाला. ग्राहक मुख्यतः गेमच्या संग्रहासाठी पैसे भरतो, क्लाउड त्याच्या सोबत येते.

दुसरा गुंता हक्कांचा. जीफोर्स नाऊची कल्पना सरळ आहे: गेम विकत देणे नाही, फक्त यंत्र भाड्याने देणे. ग्राहकाने स्टीम किंवा एपिक या ऑनलाइन दुकानांतून घेतलेला गेम तो एनव्हिडियाच्या संगणकावर चालवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सेवा सर्वांसाठी खुली होताच ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या प्रकाशकाने आपले गेम काढून घेतले, पाठोपाठ बेथेस्डा आणि टूके यांनीही. प्रकाशकांचे म्हणणे असे की गेम कोणत्या यंत्रावर चालावा हे परवाना ठरवतो, ग्राहक नव्हे. अखेर एनव्हिडियाला प्रकाशकाची संमती असेल तरच गेम ठेवायचे धोरण स्वीकारावे लागले. भाड्याच्या संगणकावर आपल्याच पैशांनी घेतलेली वस्तू वापरायला तिसऱ्याची परवानगी लागावी, हे ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर अन्यायाचेच आहे.

वाट अडवणारे आणखीही होते. ॲपलने २०२० मध्ये आयफोनवर अशा सेवांचे ॲप येऊ दिले नाही. सेवेतला प्रत्येक गेम ॲप स्टोअरमध्ये स्वतंत्रपणे दाखल करा, असे सांगितले. मायक्रोसॉफ्टसह अनेकांनी मग ब्राउझरचा आडमार्ग धरला. जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने ही अट सैल केली. ब्रिटनमध्ये तर क्लाउड गेमिंग हा मोठ्या व्यवहारातला कळीचा मुद्दा ठरला. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड सुमारे ६९ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला होता. तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल २०२३ मध्ये तो रोखला, आणि कारण दिले ते याच बाजाराचे: त्यात मायक्रोसॉफ्टचा वाटा आधीच ६० ते ७० टक्के आहे आणि 'कॉल ऑफ ड्यूटी'सारखे गेमही तिच्याकडे गेले तर बाकीच्यांना उभे राहता येणार नाही. शेवटी आधीच्या आणि पुढच्या १५ वर्षांत येणाऱ्या गेमचे युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरचे क्लाउड हक्क युबिसॉफ्टला विकल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. बाजार लहान असतानाच नियामकाने इतके लक्ष घातले हे योग्य झाले. मक्तेदारी बसल्यावर ती हटवता येत नाही.

खेळांच्या जतनाचा प्रश्न यांहून गंभीर आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या खेळांची पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वीच्या खेळांपैकी ८७ टक्के आज रीतसर मिळत नाहीत असे दिसले. पण त्या खेळांच्या कॅसेट आणि डिस्क तरी कुणाच्या कपाटात आहेत. केवळ क्लाउडवर प्रसिद्ध झालेल्या गेमची प्रत कुणाच्याच घरी नसते. स्टेडियासाठीच बनवलेला 'गिल्ट' पुढे इतर यंत्रांवर आला म्हणून वाचला. 'आउटकास्टर्स' सेवेबरोबर गेला. जपानमध्ये २०१८ साली निन्टेन्डो स्विचवर 'रेसिडेंट ईव्हल ७' ची क्लाउड आवृत्ती निघाली, तिचे २,००० येन भरले की गेम फक्त १८० दिवस खेळता येत होता. त्या वेळी व्यवहार निदान उघड होता: हे भाडे आहे, विक्री नाही. मात्र याच तंत्राने काही जुने खेळ वाचवलेही आहेत. प्लेस्टेशन ३ चा प्रोसेसर इतका वेगळा आहे की त्याचे गेम प्लेस्टेशन ५ वर थेट चालत नाहीत. सोनी ते दूरच्या सर्व्हरवर चालवून वर्गणीदारांना देते.

पर्यावरणाचा हिशेबही उलटसुलट आहे. घरोघरी यंत्रे कमी झाली तर ई-कचरा घटेल हे खरे. परंतु लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार घरच्या यंत्रावर खेळण्यापेक्षा क्लाउडवर खेळताना एकूण वीज अधिक लागते, कारण डेटा सेंटर आणि नेटवर्क यांचा भार वर चढतो. लॅपटॉपच्या बाबतीत हा फरक सर्वांत मोठा असतो.

सगळा गेम क्लाउडवर न नेता त्याचा काही भाग नेणे हा मधला मार्ग आहे. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या 'फ्लाइट सिम्युलेटर'मध्ये विमान खेळाडूच्या यंत्रावर उडते, आणि खालची पृथ्वी मात्र दोन पेटाबाइटहून मोठ्या साठ्यातून लागेल तशी येते. हाताला विलंब जाणवत नाही, आणि घरच्या डिस्कवर मावणार नाही असे जग मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढची आवृत्ती आली, तेव्हा पहिल्याच दिवशी सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की अनेकांना गेम सुरूही करता आला नाही. तरी क्लाउडचा सर्वांत शहाणा उपयोग आजवर इथेच झाला आहे.

भारतात ही सेवा उशिरा आली. जिओने २०२२ च्या अखेरीस जिओगेम्सक्लाउडची चाचणी सुरू केली. एनव्हिडियाने जानेवारी २०२५ मध्ये भारतासाठी घोषणा केली, आणि मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड सेवा २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये इथे उपलब्ध झाली. सोनीच्या वरच्या वर्गणीला भारतात 'डिलक्स' म्हणतात आणि तिच्यात स्ट्रीमिंग नाही, त्यामुळे वर सांगितलेली प्लेस्टेशन ३ ची सोय इथल्या ग्राहकाला मिळत नाही. पायाभूत सोयींत महाराष्ट्राची बाजू भक्कम आहे. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, मुंबई आणि नवी मुंबई हे देशातले डेटा सेंटरचे सर्वांत मोठे केंद्र आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा एक विभाग पुण्यात आहे. सर्व्हर जवळ असण्याचा लाभ इथल्या खेळाडूला मिळतो.

अडते ते शेवटच्या टप्प्यात. २० एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला ९ जीबी डेटा खातो. स्टेडियाच्या ४के दर्जाला लागणाऱ्या ३५ एमबीपीएसने तो पावणेसोळा जीबीवर जातो. रोज २ जीबी देणारा मोबाइल प्लॅन २० एमबीपीएसने जेमतेम तेरा मिनिटे पुरतो. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ५जीमध्ये काही प्लॅनवर ही मर्यादा नसते, पण ५जीचा वेग जागेगणिक बदलतो आणि हाच चढउतार खेळाला बाधतो. फायबरच्या घरगुती जोडणीत महिन्याला ३,३०० जीबीपर्यंत वापर चालतो, म्हणजे डेटाची चिंता उरत नाही. त्यामुळे इथे क्लाउड गेमिंगचा खरा ग्राहक फायबर असलेल्या घरातला आहे. आणि असे घर तुलनेने शहरी व सुस्थितीतले असते. ज्या मुलाला कन्सोल परवडत नाही त्याच्यासाठी ही सेवा असल्याचे सांगितले जाते, पण त्याच्याकडे बहुतेक वेळा फक्त फोन आणि रोजचा २ जीबी डेटा असतो. त्याच फोनवर चालणारे मोबाइल गेम त्याला आधीच फुकट मिळतात.

आज भारतात या सेवेचा सर्वाधिक लाभ होतो तो साधा लॅपटॉप, फायबरची जोडणी आणि आठवड्याला काही तास एवढेच गणित असलेल्या खेळाडूला. त्याला पन्नास हजारांचे यंत्र घेण्याचे कारण राहिलेले नाही. रोज चार-पाच तास खेळणाऱ्याला, स्पर्धेत उतरणाऱ्याला आणि घेतलेला गेम दहा वर्षांनी पुन्हा काढून खेळू इच्छिणाऱ्याला स्वतःचे यंत्रच घ्यावे लागेल. वर्गणी भरण्याआधी प्रत्येकाने दोन गोष्टी तपासाव्यात. रात्री नऊच्या सुमाराला, संगणक केबलने राउटरला जोडून, फुकटच्या स्तरावर किंवा चाचणीच्या मुदतीत तासभर खेळून पाहावे. आणि सेवा बंद पडली तर विकत घेतलेल्या गेमचे काय होणार, हे अटींमध्ये शोधून वाचावे. त्याचे स्पष्ट उत्तर अटींमध्ये नसेल, तर त्या सेवेत गेम विकत घेऊ नये.